मदत हवी आहे: औषध मुळातच कमी चालतं की जंत रेझिस्टंट झालेत, ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी, जंतांवरच्या औषधांच्या रेझिस्टन्सवर (म्हणजे जंत औषधाला दाद देईनासे होणं) प्रोजेक्ट करतेय आणि एका ठिकाणी पार अडकलेय. शेळ्या-मेंढ्यांचं त्यामानाने सोपं वाटतं, डोसच्या आधी लेंड्यांतली अंडी मोजायची, मग 10 ते 14 दिवसांनी परत मोजायची आणि घट 95 टक्क्यांच्या खाली असली की संशय घ्यायचा. थायाबेंडाझोल हे जंतनाशक 1961 ला आलं आणि 1964 लाच मेंढ्यांमधल्या हिमोंकस या रक्त शोषणाऱ्या जंतामध्ये रेझिस्टन्स दिसला, हे वाचून खरंच धसका बसला!

पण माणसांचं काय? अल्बेंडाझोल 400 मिग्रॅचा एकच डोस गोल जंतावर मस्त चालतो, चाबूककृमीवर मात्र पहिल्यापासूनच कमी पडतो, मग तिथे अंडी कमी घटली तर तो रेझिस्टन्स म्हणायचा की औषधच तोकडं? बीटा-ट्युब्युलिन (ही औषधं जंताच्या ज्या प्रथिनावर काम करतात ते) याच्या जीनमधले 167, 198, 200 हे कोडॉन, म्हणजे जीनमधल्या ठरावीक जागा, तपासावेत असं डोक्यात आहे, कारण तिथल्या बदलांचा रेझिस्टन्सशी संबंध प्राण्यांच्या जंतांत दिसलाय, पण हा पुरावा माणसांच्या जंतांना सरळ लावणं मला तरी घाईचं वाटतं. उपचाराआधीचे आणि नंतरचे नमुने दोन्ही सिक्वेन्स करावेत (म्हणजे त्यांतल्या जंतांचा डीएनए वाचावा) का? कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, सॅम्पलिंग लवकरच सुरू करायचंय.