जुनी रिकनबॅकर लॅप स्टील गिटार युद्धपूर्व आहे हे कसे ओळखावे?

प्रश्न: अमेरिकेतील एका विक्रेत्याकडे बेकेलाइटची (एक जुने कठीण प्लास्टिक) सहा तारांची रिकनबॅकर कंपनीची लॅप स्टील गिटार (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची विजेवरची गिटार) आहे. ती युद्धपूर्व असल्याचे सांगून त्याने किंमत बरीच चढी लावली आहे. प्रत्यक्ष न पाहता हा दावा कसा पडताळावा?

उत्तर १: पिकअपवरील (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) नालाच्या आकाराच्या चुंबकांवर मोजपट्टी ठेवून छायाचित्र पाठवायला सांगा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे चुंबक दीड इंच रुंद असत, नंतरचे सव्वा इंच. चढी किंमत मुख्यतः या रुंद चुंबकांची असते.

उत्तर २: रिकनबॅकरची १९३२ची ॲल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ गिटार रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने बेसूर होत असे, म्हणून १९३५च्या सुमारास बेकेलाइट आले; मात्र ते ठिसूळ असल्याने मान आणि धड जुळतात तेथील तडे नीट पाहावेत. पिकअपमधील वेटोळ्याची तार नव्याने गुंडाळली असल्यास भाव उतरतो. विक्रेते हे आपणहून क्वचितच सांगतात.

उत्तर ३: संग्रहासाठी नव्हे, वाजवण्यासाठीच हवी असेल, तर सव्वा इंची चुंबकांची गिटार निःशंकपणे घ्यावी. घासाघीस तिथेच अधिक जमते.