सकाळचा खोकला तीन महिने झाले जात नाही, नक्की कशामुळे असेल?

मोरपंखी:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. वय ४७. गेले तीन महिने रोज सकाळी उठल्या उठल्या खोकल्याची उबळ येते, पाय जमिनीला लागले की सुरूच, वीस-पंचवीस मिनिटं खोकून खोकून बरगड्या दुखायला लागतात आणि थोडा पांढरट चिकट कफ पडला की मग थांबतो. दिवसा एवढा त्रास नसतो पण घशात सारखं खवखवतं, फोनवर बोलताना मधेच कोरडा ठसका लागतो. ताप नाही, वजन तेवढंच आहे, कफात रक्त कधी दिसलं नाही, सिगरेट आयुष्यात ओढलेली नाही. छातीचा एक्स-रे नॉर्मल आला. दोनदा अँटिबायोटिकचे कोर्स झाले, तीन वेगवेगळी सिरप झाली, सिरपने फक्त झोप येते, सकाळी परत तेच. बीपीची गोळी सोडली तर दुसरं कुठलंच औषध चालू नाही. नाक मात्र कॉलेजपासून सकाळी चोंदतं, शिंका येतात, त्याची आता सवयच झालीय. लेक शेजारी झोपते, तिची रोज झोपमोड होते याचं फार वाईट वाटतं. सकाळीच का होतं हे?

ओंजळ:
ताई, सवय झालीय म्हणता ना, मला तर मूळ तिथेच दिसतंय. रात्री आडवं झोपलं की नाकातला शेंबूड मागच्या मागे घशात उतरत राहतो, झोपेत खोकल्याची जाणीव कमी असते म्हणून तो साचतो आणि उठून बसलं की घसा तो सगळा एकदम बाहेर काढायला बघतो. डॉक्टर याला पोस्ट नेझल ड्रिप म्हणतात. मलाही हेच होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे दिला होता, मी चार दिवस मारून काही होत नाही म्हणून सोडून दिला, तिथेच चुकलं, कारण त्याचा पूर्ण गुण यायला दोन आठवडे तरी रोज न चुकता मारावा लागतो. आणि मारताना स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने धरायचं, नाहीतर नाकातून रक्त येतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट अजिबात नको. उशांचे अभ्रे, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, धुळीतले बारीक किडे गादीतच असतात.

तिसरा_प्रहर:
नाकाचं पटतंय, पण मला त्या एका ओळीने थांबवलं. बीपीची गोळी कुठली आणि कधी सुरू केली?

मोरपंखी:
रॅमिप्रिल. पाच-सहा महिने झाले असतील. खोकला नंतर दोनेक महिन्यांनी सुरू झाला म्हणून कधी डोक्यातच आलं नाही.

तिसरा_प्रहर:
हेच माझं झालं होतं आणि मी जवळजवळ वर्षभर सिरप पित बसले, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, शेवटी प्रिल असलेल्या या सगळ्या गोळ्या एकाच जातीच्या. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ तयार होतो, तो मोडणारं एन्झाइम या गोळ्या बंद करतात, मग तो साचतो आणि श्वासनलिका हळवी होते. त्याचा खोकला कोरडा, गुदगुल्या झाल्यासारखा, बोलताना हसताना येणारा असतो. बायकांना जास्त होतो. गोळी सुरू केल्यावर लगेचही होतो आणि काही महिन्यांनीही, त्यामुळे दोघांचा संबंध लागत नाही. तुमचा दिवसाचा ठसका मला तसाच वाटतोय, सकाळचा कफाचा मात्र नाकाचा असू शकतो, दोन कारणं एकत्र असणं खूप कॉमन आहे आणि एकाचाच इलाज केला की खोकला अर्धाच जातो. पण कृपा करून गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपी चढलं तर ते खोकल्यापेक्षा कितीतरी वाईट. डॉक्टरांना सरळ विचारा, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी दुसरी गोळी देतात, त्यांनी असा खोकला फार क्वचित होतो. बदलल्यावर बहुतेकांचा १ ते ४ आठवड्यांत जातो, काहींना ३ महिनेही लागतात.

रानवाट:
ताईंना लागू नाही पण बाकीचे वाचतील म्हणून लिहितो. माझ्या भावाचा सकाळचा खोकला सगळ्यांनी सिगरेटवाल्याचा खोकला म्हणून सोडून दिला होता. सिगरेटमुळे श्वासनलिकेतले कफ वर ढकलणारे बारीक केस लुळे पडतात, रात्रभर धूर नसला की ते थोडे जागे होतात आणि साचलेला कफ सकाळी वर येतो. लागोपाठ दोन वर्षं, वर्षातले तीन महिने असा कफाचा खोकला असेल तर त्याला क्रॉनिक ब्रॉंकायटिस म्हणतात, तो नेहमीचाच म्हणून सोडायचा नसतो. फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, झाली तेव्हा फुफ्फुसं बरीच गेलेली होती. एक्स-रे नॉर्मल होता हो त्याचाही! दमा सुद्धा नुसत्या खोकल्याने येऊ शकतो, शिट्टी वाजलीच पाहिजे असं नाही, आणि तो पहाटे जास्त असतो, तोही स्पायरोमेट्रीतच सापडायची शक्यता. ॲसिडिटी वर येत असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू १५-२० सेंटिमीटर उचला, नुसत्या उशा रचून पोट दुमडतं. जेवण झोपायच्या तीन तास आधी. आणि थुंकीत रक्त, वजन उतरणं, रात्रीचा घाम, दम लागणं यातलं काहीही असेल तर वाट बघू नका, दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की टीबीसाठी थुंकी तपासून घेतलेली बरी.

मोरपंखी:
सहा आठवड्यांनी लिहितेय, सॉरी उशीर झाला. डॉक्टरांना गोळीचं विचारलं, त्यांनी लगेच टेल्मिसार्टन दिली आणि दोन आठवडे बीपी रोज वहीत लिहायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात दिवसाचा ठसका गेला, फोनवर अर्धा तास सलग बोलले तेव्हा लक्षात आलं. सकाळचा मात्र तसाच होता, मग ओंजळने सांगितल्यासारखा स्प्रे नेटाने मारला, आता उठल्यावर दोन-तीनदा खोकला येतो आणि संपतो. स्पायरोमेट्रीही करून घेतली, नॉर्मल आली. लेक काल सकाळी माझ्याआधी उठली नाही. तिसरा_प्रहर, तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसता तर मी अजून सिरपच पित असते, खूप खूप आभार.

ओंजळ:
वा, फार बरं वाटलं वाचून. स्प्रे बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नका ताई, कधी कमी करायचा ते डॉक्टरांना विचारून घ्या.