मदत हवी आहे: तुर्की बायकांना 'लघवीला लागली' आणि 'घाईची लागली' यातला फरक कसा विचारावा?

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट, मूळची साताऱ्याची. सध्या बर्लिनमध्ये पेल्व्हिक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) व्यायाम शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी वयस्कर तुर्की बायका आहेत. १९६१ च्या जर्मनी-तुर्की कामगार करारानंतर कुणी स्वतः कामाला आली, कुणी मागाहून नवऱ्याकडे आली. शाळा दोन-चार इयत्ता, बोली अनातोलियातल्या गावाकडची. त्यांना सगळे 'तेय्झे' म्हणतात, म्हणजे मावशी, अगदी आपल्यासारखंच अनोळखी बाईलासुद्धा. मला तुर्की कामापुरतं येतं.

लघवीच्या तक्रारी मोजायला आम्ही ओएबी-व्ही८ नावाची प्रश्नावली वापरतो. ८ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, आणि बेरीज ८ किंवा जास्त आली की अतिक्रियाशील मूत्राशयाचा संशय घ्यायचा. तिची तुर्कीत तपासलेली आवृत्ती आहे, त्यामुळे नव्याने भाषांतर करायचा हट्ट नाही. पण या मावश्यांना ती वाचता येत नाही. आम्ही वाचून दाखवतो आणि 'तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा' असं विचारतो. तिथेच गाडी अडली आहे.

आठातले तीन प्रश्न लघवीच्या भावनेबद्दल आहेत: त्रासदायक भावना, अचानक येणारी, आणि आवरता न येणारी. तिन्ही वाचून झाले की मावश्या तिन्हींसाठी एकच शब्द परत देतात, 'सिकिश्मा'. आणि 'सिकिश्तिम' हे तर बसमध्ये शाळकरी पोरगंही म्हणतं, आपलं 'मला लागलीय' तसं. २००२ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत अर्जन्सी म्हणजे अचानक येणारी आणि पुढे ढकलायला अवघड अशी भावना. हे 'पुढे ढकलायला अवघड' त्या एका शब्दात राहतच नाही. एखादीने तिन्हींना ३-३ गुण दिले की ९ झाले, म्हणजे उंबरठा ओलांडला. खरं तर ती चहा भरपूर पिते आणि वेळेवर जाऊन येते, एवढंच असू शकतं.

प्रश्नावलीच्या भाषांतराच्या नेहमीच्या पद्धतीत (दोघांनी वेगवेगळं भाषांतर, मग एक मसुदा, मग त्याचं मूळ भाषेत उलट भाषांतर, समिती, शेवटी ३०-४० जणींवर चाचणी) हे उलट भाषांतरात पकडलं जाईल असं मला वाटायचं. आता वाटत नाही. उलट भाषांतर करणारी व्यक्ती शिकलेली असते, तिला 'सिकिश्मा' दिसलं की ती बिनचूक 'अर्जन्सी' लिहिते. कागदावर सगळं जुळतं, मावशीच्या डोक्यात जुळत नाही.

दुसरी बाजू गुण खाली ओढणारी. गेल्या महिन्यातलं सांगते. सत्तरीच्या एक मावशी, सोबत लेक. 'याचा किती त्रास होतो?' म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, 'इदारे एदियोरुझ', म्हणजे चालवून घेतो. लेकीने लगेच 'जरासा' वर बोट ठेवलं. लेक फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा मी सहज नमाझबद्दल विचारलं. मावशींनी पर्स उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली दुसरी चड्डी दाखवली. थेंब गेला की आप्देस्त, म्हणजे नमाझाआधी हातपाय धुऊन केलेली शुद्धी, मोडतं, पुन्हा हातपाय धुवायचे, कधीकधी दिवसातून पाचही वेळा. त्यामुळे मशिदीत जाणंच सोडलंय, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. आठ प्रश्नांत हे कुठेच बसत नव्हतं. शिवाय लघवीला त्या भाषेत 'क्युच्युक आप्देस्त' (लहान आप्देस्त) असंही म्हणतात, आणि माझ्या तोंडून तो शब्द ऐकला की त्यांचा चेहरा सैलावतो. 'मेसाने' (मूत्राशय) म्हटलं तर काही जणींना कळत नाही, 'इद्रार तोर्बासी' लगेच कळतं. आपल्या आज्याही लघवीची पिशवीच म्हणतात ना!

रात्रीच्या प्रश्नांचाही गोंधळ आहे. पहाटेच्या नमाझला किंवा रमझानात सहुरला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठलेली बाई जाता जाता लघवी करून येते आणि 'लघवीसाठी उठले' यात धरते. रमझानात पाणी पिण्याच्या वेळाच उलटतात, म्हणून त्या महिन्यात प्रश्नावली भरून घेऊ नये असं माझं मत झालं आहे.

आता मदत कुठे हवी ते सांगते. मूळ शब्दांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही हे मला मान्य आहे. पण प्रश्न वाचल्यावर सर्वांना सारखंच, लिहून ठेवलेलं एक वाक्य पुढे जोडलं, उदाहरणार्थ 'कणीक मळता मळता लागली तर गोळा होईपर्यंत थांबता येतं, की हात तसेच घेऊन पळावं लागतं?', तर गुण तुलना करण्याजोगे राहतात का? माझं मन हो म्हणतं, पण संख्याशास्त्रवाल्यांनी सांगावं. नमाझचा प्रश्न वेगळ्या कागदावर, बेरजेत न धरता ठेवायचा विचार आहे. त्यात काही चुकतंय का?

आणि ज्यांनी मराठीत अशी प्रश्नावली गावाकडे वापरली आहे त्यांना खास विनंती: 'लागली', 'घाईची लागली' आणि 'धरवत नाही' हे तिन्ही बायकांकडून वेगवेगळे कसे काढून घेतलेत? तुर्कीत 'तुतामियोरुम' म्हणजे हुबेहूब 'धरवत नाही', त्यामुळे तुमची युक्ती इथे चालेल असं वाटतं. इस्तंबूल किंवा अंकाराकडे राहिलेलं कुणी असेल तर लेकीला दुखावल्याशिवाय दहा मिनिटं बाहेर बसवायला काय म्हणायचं, तेही सांगा. पुढच्या मंगळवारी चार मावश्या यायच्या आहेत.