फुप्फुसातील गाठ चमकवणारे औषध : आईच्या शस्त्रक्रियेपूर्वी माहिती हवी आहे

परसबाग (न्यू जर्सी):
नमस्कार. माझ्या आईच्या (वय ६७) उजव्या फुप्फुसात १४ मिलिमीटरची गाठ असून बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) निदान झाले आहे. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होणार आहे आणि त्याआधी शिरेतून ‘सायटालक्स’ नावाचे औषध देण्याचे सर्जननी सुचवले आहे. गाठ स्कॅनमध्ये स्वच्छ दिसत असताना ती पुन्हा शोधावी का लागते? शिवाय हे औषध किरणोत्सारी असेल, या भीतीने आईची झोप उडाली आहे.

भूलतज्ज्ञ_६२:
सर्वप्रथम आईंना सांगा की यात किरणोत्सार अजिबात नाही. स्कॅन काढताना फुप्फुस हवेने भरलेले असते. शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र त्या बाजूची हवा काढून ते मिटवतात, त्यामुळे गाठीची जागा सरकते. छाती उघडून शस्त्रक्रिया करताना सर्जन फुप्फुस बोटांनी चाचपून गाठ शोधतात, पण दुर्बिणीच्या लहान छिद्रांतून तसे चाचपणे अवघड असते, आणि काही गाठी तर इतक्या मऊ असतात की हाताखालीही कळत नाहीत. या औषधात फोलेटसारख्या (फोलेट म्हणजे एक ब-जीवनसत्त्व, फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच रूप) रेणूला एक रंगद्रव्य जोडलेले असते. बहुतेक अ‍ॅडेनोकार्सिनोमांच्या पेशींवर फोलेट पकडणारे ग्राही भरपूर असल्याने ते तिथे साचते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देते, जो खास कॅमेरा पडद्यावर दाखवतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फुप्फुसासाठी त्याला मान्यता मिळाली. त्याआधीच्या चाचणीत तपासलेल्या १०० रुग्णांपैकी १९ जणांची नेहमीच्या प्रकाशात न सापडलेली गाठ त्यामुळे सापडली, तर ३८ जणांमध्ये कापलेली कड गाठीच्या फार जवळ असल्याचे लक्षात आले. मला ही दुसरी बाब अधिक मोलाची वाटते, कारण कड अपुरी असल्याचे रुग्ण टेबलावर असतानाच कळले तर ती तेव्हाच वाढवून घेता येते.

सायली_ताई:
माझ्या यजमानांना हेच औषध दिले होते. हे औषध देण्याच्या आधीचे ४८ तास फॉलिक अ‍ॅसिडच्या पूरक गोळ्या घ्यायच्या नसतात, कारण ते त्याच ग्राहींवर जाऊन बसते. आम्हाला हे आयत्या वेळी कळले. त्यांच्या मल्टीव्हिटॅमिनच्या बाटलीवर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, फॉलिक अ‍ॅसिड लिहिलेले होते आणि ती गोळी ते रोज सकाळी चहानंतर घेत होते. औषध चढवताना त्यांना थोडी मळमळ झाली होती, पण ती लवकरच थांबली. आईंच्या सर्व गोळ्यांची लेबले आजच वाचा. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

भूलतज्ज्ञ_६२:
सायलीताईंनी अगदी योग्य आठवण करून दिली. आणखी एक सांगतो : चमकणारी प्रत्येक जागा कर्करोगाची नसते, सूज आलेल्या ऊतीही चमकू शकतात, उलट खोलवर असलेली गाठ मुळीच दिसणार नाही, असेही होते. अंतिम निर्णय पॅथॉलॉजिस्टचाच असतो. म्हणून सर्जनना एवढे अवश्य विचारा, की अनपेक्षित ठिकाणी चमक दिसली तर ते किती भाग काढणार आणि त्याने आईंच्या श्वासावर काय परिणाम होईल.

परसबाग:
दोघांचे मनापासून आभार. आईच्या डब्यातील बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांतही फॉलिक अ‍ॅसिड निघाले, त्यामुळे त्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. सर्जनना विचारायचा प्रश्न आईने स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतला आहे.