मदत हवी आहे: माफ केलं म्हणतो पण मनातून जातच नाही

सलाम, नमस्कार सगळ्यांना. मी पुण्यात कोंढव्यात राहतो. अब्बांच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या धाकट्या भावाने सगळ्या नातेवाईकांत सांगितलं की मी एक रुपया काढला नाही, आणि इकडे सगळी बिलं माझ्या नावावर, फाईल अजून कपाटात आहे. ८ महिने झाले बोलणं बंद.

हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) ३ दिवसांच्या वर अबोला धरू नये असं आहे आणि दोघांत जो आधी सलाम करतो तो चांगला. परवा कॅम्पात तो समोर आला, सलाम त्यानेच आधी केला, मी जवाब दिला पण गाडीची किल्ली हातात फिरवत खालीच बघत राहिलो. रात्रभर झोप नाही.

कुरआनातल्या सूरह नूरची २२वी आयत वाचली, माफ करा आणि नातेवाईकांची मदत थांबवू नका असं सांगणारी. पैगंबरांचे जवळचे साथी हजरत अबू बक्र यांच्या मुलीवर, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांवर खोटा आळ घेण्यात मिस्तह पण होता, अबू बक्र यांचाच नातेवाईक आणि त्यांच्याच मदतीवर जगणारा, तरी आयत आल्यावर अबू बक्र यांनी बंद केलेली मदत परत सुरू केली. केवढं मोठं काळीज!

मला विचारायचंय, माफ करणं म्हणजे परत आधीसारखा भरोसा पण ठेवायचा का? बिलं त्याला एकदा दाखवू की विषयच काढू नको? अम्मीने जुम्म्याला दोघांना जेवायला बोलवलंय. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, पहिलं वाक्य काय बोललात?