मदत हवी आहे: आईसाठी हृदयाचे ठोके नोंदवणारं काय घ्यावं?

आई ७६ वर्षांची, साताऱ्यात एकटी. अधूनमधून "छातीत फडफडतंय गं" म्हणते, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावलं, तर नेमकं त्याच दिवशी काही झालं नाही! डॉक्टरांना एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराची, शंका आहे.

ॲपल वॉचवर बोट ३० सेकंद टेकवून ईसीजी निघतो, पण आयफोन लागतो. आईकडे साधा अँड्रॉइड. त्यात वारंवार चार्जिंग. ती मोबाइलसुद्धा देव्हाऱ्यापाशी विसरते.

छातीवर चिकटवायचा १४ दिवसांचा पॅच कुणी वापरलाय का? घामाने खाज सुटते का? की कार्डियासारखी, बोटं ठेवून ईसीजी काढायची पट्टी बरी? तिची बोटं थरथरतात.

नुसती नाडी दाखवणारा पट्टा नको. एक आणून झालाय, बांगड्यांच्या मागे सरकवून ठेवलाय.