प्लेट बदलली की रेझिस्टन्स गायब, हे नेमकं काय?

लॅबकोट०७
एमएससी मायक्रोचा प्रोजेक्ट चालू आहे, दोन आठवडे एकाच गोष्टीवर अडकलेय म्हणून विचारते. ई. कोलायचा साधा लॅब स्ट्रेन, प्लाझ्मिड (रेझिस्टन्सचे जीन वाहून आणू शकणारा सुटा डीएनए) वगैरे काही नाही. मिडियात ५ मिलिमोलर सोडियम सॅलिसिलेट घातलं की क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचा एमआयसी (वाढ थांबवायला लागणारं सगळ्यात कमी प्रमाण) वाढतो, तीनदा केलं, तिन्ही वेळा वाढला. मला वाटलं म्युटंट सिलेक्ट झाले असणार, म्हणून त्या कॉलनी उचलून साध्या प्लेटवर सबकल्चर केल्या नि परत टेस्ट लावली तर सगळ्या पहिल्यासारख्या सेन्सिटिव्ह. मग याला रेझिस्टन्स म्हणायचं की नाही? जीन बदललाच नाही तर ते वाचतात कसे? सॅलिसिलिक ॲसिड तर झाडंही बनवतात, म्हणजे लॅबच्या बाहेरही हे होत असणार ना?

जुनापिपेट
तुमचं काही चुकलेलं नाही, उलट चांगलं निरीक्षण आहे. हेच १९८५ साली रोझनर यांनी ई. कोलाय के-१२ मध्ये दाखवलं होतं आणि त्यांनी शब्दही तोच वापरला, वारशाने न जाणारा रेझिस्टन्स. म्हणजे रेझिस्टन्स म्हणा, फक्त तो पेशीच्या अवस्थेचा आहे, डीएनएतल्या बदलाचा नाही.

आत काय होतं तर मार-आर नावाचं प्रोटीन एरवी मार ऑपेरॉन (एकत्र चालू-बंद होणारा जीन्सचा गट) दाबून बसलेलं असतं. सॅलिसिलेट त्याला चिकटलं की त्याची पकड सुटते, मग मार-ए हे दुसरं प्रोटीन तयार व्हायला लागतं आणि ते एकाच वेळी दोन कामं करतं: एसीआरएबी-टॉलसी हा पंप वाढवतं, जो आत आलेलं औषध बाहेर फेकतो, आणि मिक-एफ नावाच्या छोट्या आरएनएमार्फत ओम्प-एफ हे पोरिन कमी करतं, म्हणजे औषध आत यायचं दारच अरुंद. सॅलिसिलेट काढून घेतलं की मार-आर परत जागेवर, म्हणून तुमच्या कॉलनी साध्या प्लेटवर सेन्सिटिव्ह झाल्या.

टॉलसी (त्या पंपाचा एक भाग) नसलेला स्ट्रेन मिळाला तर सोबत जरूर लावा, त्यात वाढ दिसली नाही तर पंपाचा मुद्दा पक्का होतो. आणि मिडियाचा पीएच मोजा, तो सरकला तर अँटिबायोटिकचं काम तसंही बदलतं, मग श्रेय सॅलिसिलेटला चुकून जातं.

इंडोलप्रेमी
यात भर घालतो कारण हा माझा आवडता विषय आहे. बाहेरून रेणू घालायचीच गरज नसते, बॅक्टेरिया स्वतः बनवतात. कोवॅक टेस्टची, म्हणजे इंडोल ओळखायच्या टेस्टची, लाल रिंग आपण सगळ्यांनी बघितलीय, ते इंडोल ई. कोलाय ट्रिप्टोफॅनपासून बनवतो, आणि आपण ती फक्त ओळखपरेडची टेस्ट म्हणून पाठ करतो हे मला खरंच खटकतं, कारण २०१० मध्ये कॉलिन्स यांच्या गटाने दाखवलं की नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक हळूहळू वाढवत नेलेल्या कल्चरमध्ये बहुतेक पेशी एकेकट्या तपासल्या तर अख्ख्या कल्चरपेक्षा कमी रेझिस्टंट होत्या, थोडेच म्युटंट खूप रेझिस्टंट होते. औषधाच्या ताणाखाली साध्या पेशींचं इंडोल बनवणं बंद पडतं, हे म्युटंट मात्र बनवत राहतात, त्यात स्वतःची ताकद खर्च करतात, आणि ते इंडोल बाकीच्यांचे पंप आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासूनचं संरक्षण चालू करतं. म्हणजे एक कॉलनी उचलून एमआयसी काढला तर अख्ख्या वस्तीचं चित्र हातातून निसटतं. साल्मोनेला तर स्वतः इंडोल बनवतच नाही, पण शेजाऱ्याचं इंडोल त्याला कळतं आणि त्याचे पंप वाढतात.

घरचीकाळजी
मी मायक्रोवाली नाही, पण वाचून भीती वाटली. ॲस्पिरिनचं शरीरात सॅलिसिलेट होतं ना? मग अँटिबायोटिकसोबत घेऊ नये का?

जुनापिपेट
ताई, प्लेटवरच्या निकालावरून औषध बंद करू नका. तिथे एक स्ट्रेन, एक मिडिया आणि ठरवून घातलेलं प्रमाण असतं, माणसाच्या शरीरात ते तसंच होतं असं यातून म्हणता येत नाही. चालू औषधांबद्दल तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पंपबंद
उलटी बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. हेच सॅलिसिलेट ई. कोलायला अमिनोग्लायकोसाइड गटाच्या अँटिबायोटिकबाबत (जेंटामायसिन त्यातलंच) जास्त सेन्सिटिव्ह करतं! म्हणजे "हा रेणू रेझिस्टन्स वाढवतो" हे वाक्यच अर्धवट आहे, कुठल्या औषधाचा ते सांगायलाच हवं. २०११ मध्ये तर मॅनिटॉलसारख्या साध्या शर्करांनी पर्सिस्टर पेशी (जीन न बदलता औषधातही तग धरणाऱ्या) जेंटामायसिनला बळी पडतात असं दिसलं, कारण शर्करा वापरताना पेशीच्या पडद्यावर प्रोटॉनचा दाब तयार होतो आणि त्याच जोरावर औषध आत खेचलं जातं. आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड विसरू नका, तेही स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरस या बॅक्टेरियानेच बनवलेलं, बीटा-लॅक्टमेज या पेनिसिलिनसारखी औषधं तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं म्हणून तर अमॉक्सिसिलिनसोबत देतात.

तुमच्याकडे जेंटामायसिन असेल तर त्याच सॅलिसिलेटच्या प्लेटवर लावून बघा.

लॅबकोट०७
खूप खूप आभार सगळ्यांचे. पीएच मी मोजलाच नव्हता, उद्या पहिलं ते. टॉलसी नसलेला स्ट्रेन शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागितलाय. क्लोरॅम्फेनिकॉल आणि जेंटामायसिन दोन्ही शेजारी शेजारी लावते, सॅलिसिलेटसह आणि सॅलिसिलेटशिवाय, आकडे आले की इथेच टाकते.